क्लचवरचा पाय

उस्तादांनी आयुष्यात कधी डब्यावरचं लेबल वाचून तेल घेतलं नाही. झाकण उघडायचं, बोट बुडवायचं, अंगठ्याने चोळायचं आणि नाकाशी न्यायचं. जितकं दाट, जितकं उग्र, तितकं तेल अस्सल, हा त्यांचा कायदा. ट्रकच्या डेपोत उभा जन्म गेलेला. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये घालतात त्या तेलाचा गंधकासारखा वास त्यांच्या शर्टातून कधी गेला नाही, आणि बायकोच्या मते उशीतूनही नाही. निवृत्त झाले तरी गल्लीत कुणाची गाडी खोकली की लोक त्यांनाच हाक मारत. हाक नाही मारली तरी ते जातच.

अशा माणसाच्या घरात सुनेने गाडी घेतली, तीही टर्बोची. सून फिजिओथेरपिस्ट होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, पक्षाघाताने एक बाजू गेलेली माणसं ती घरोघरी जाऊन पुन्हा चालती करायची. लांबच्या वस्त्यांमध्ये बस वेळेवर मिळत नाही म्हणून तिने गाडी घेतली. चालवायलाही उशिरा शिकली, उस्तादांकडूनच, घाबरत घाबरत. पण एकदा हात बसल्यावर सकाळी किल्ली बोटात फिरवत बाहेर पडायची, आणि उस्ताद गॅलरीतून बघत राहायचे. सून गाडी चालवते याचा त्यांना अभिमान होता. तो तिला बोलून दाखवायचं मात्र राहून गेलं.

गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ आली तेव्हा तिने गाडीचं पुस्तक काढलं होतं.

"बाबा, यात जीएल-फोर दर्जाचं तेल लिहिलंय. दुकानात तेच मागायचं ना?"

"पोरी, चार मोठे की पाच?"

"पाच."

"मग? अगं, टर्बो आहे ही. इंजिनात दम जास्त, म्हणजे गिअरच्या दातांवर भार जास्त. पहिलवानाला वाटीभर दूध पाजून भागतं का? मी जीएल-फाइव्ह घालतो. डेपोत जन्मभर तेच घातलंय."

"पण पुस्तकात—"

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी हात काळे केलेत का?"

ती हसली. पुस्तक परत गाडीच्या खणात गेलं. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

थोड्याच दिवसांत गाडी कुरकुरायला लागली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना आतून करकर आवाज यायचा. दात खाल्ल्यासारखा. तिने लगेच सांगितलं. उस्ताद शेजारी बसले, कान लावला आणि निकाल देऊन मोकळे झाले.

"क्लच पूर्ण दाबत नाहीस."

तिने दाबला.

"अजून."

तिने पाय पार फळीला टेकवला. करकर झालीच. "आता घाई करतेस," उस्ताद म्हणाले. तिने सावकाश टाकला, तरी करकर. मग त्यांनी तिच्या चपलेला नाव ठेवलं, बसण्याला ठेवलं, सीट किती मागे घेते त्यालाही ठेवलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं त्यांनी सुनेला म्हणून दाखवलं. अंगण खरंच वाकडं असेल, ही शंका त्या माणसाला शिवली नाही. ते अंगण त्यांनीच सारवलं होतं ना!

रविवारी सकाळी त्यांच्या दारात मित्रांची बैठक असायची. टायरवाला यायचा, गाड्या रंगवणारा रंगारी यायचा, मुलगाही चहाचा कप घेऊन टेकायचा. त्या रविवारी टायरवाल्याने गाडीची चौकशी केली आणि उस्तादांना बोलायला जोर चढला.

"काय सांगू तुला! आमच्या सूनबाई लोकांचे पाय चालते करतात, आणि स्वतःचा पाय काही क्लचवर नीट पडत नाही!"

टायरवाल्याला ठसका लागला. रंगाऱ्याने मांडीवर थाप मारली. मुलगाही हसला. जिची चेष्टा झाली तीही हसली की बाकीच्यांना मोकळं होता येतं, म्हणून सूनही हसली. मग तिने सगळ्यांचे कप गोळा केले आणि आत गेली. तिचा स्वतःचा कप कठड्यावर तसाच भरलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी किल्ली खिळ्याला लागली आणि तिथेच राहिली. ती बसने जाऊ लागली. विचारलं तर म्हणायची, "बसमध्ये जरा वाचायला मिळतं." लांब राहणाऱ्या एका बाईंना तिने दुसरी कुणी तरी बघायला सांगितलं. त्या बाई नुकत्याच काठी न घेता दारापर्यंत यायला लागल्या होत्या. हे तिने जेवताना सांगितलं, सहज सांगावं तसं, आणि उस्तादांनी मीठ मागितलं.

गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, म्हणून एका सकाळी उस्तादच ती घेऊन निघाले. कोपऱ्यावर वळले, तिसरा टाकला, आणि करकर झाली.

'वाट लावली पोरीने गिअरबॉक्सची,' हा त्यांचा पहिला विचार. पण हात नुसता विचारावर थांबत नाही. त्यांनी पुन्हा टाकला, क्लच तळाला नेऊन, इतक्या सावकाश की मागचा हॉर्न वाजवायला लागला. करकर. डेपोत ज्यांच्या हाताची पोरं नक्कल करायची त्या उस्तादांच्या हाताखाली करकर. ते तसेच दुसऱ्यावर घरी आले. बायकोने विचारलं, "अहो, इतक्या लवकर?" त्यांनी गाडी सरळ मागे नेली.

मागच्या शेडमध्ये गाडी वर घेतली, खालचा बोल्ट सोडला आणि तेल पसरट ट्रेमध्ये उतरवलं. ट्रे उन्हात आणला. तेलात पिवळी बारीक चमक होती. बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं. चमक बोटाला चिकटली.

पितळ. म्हणतात ना, पितळ उघडं पडलं. इथे ते बोटावरच होतं.

पुढचं त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती, आणि हेच वाईट होतं. गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात. गिअर बदलताना त्या घासून दोन दातेरी चाकांची गती सारखी करतात, तेव्हा कुठे गिअर गुपचूप बसतो. जीएल-फाइव्ह, म्हणजे ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलचं तेल, त्यांना धरूच देत नाही, त्या निसटतात. वर त्यातला तो अस्सल वासाचा मसाला पितळ खात राहतो. 'मागचं तेल पुढे गिअरबॉक्समध्ये घालायचं नाही,' हे डेपोत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि सांगणारे उस्तादच असायचे. टर्बो हा शब्द ऐकला आणि त्यांना कधी नव्हे तो मोठेपणा सुचला. चारपेक्षा पाच मोठे!

कान तापले. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी ट्रे फडक्याने झाकला.

गिअरबॉक्स उतरवला, खोलला, झिजलेल्या कड्या बदलल्या. दुकानात जाऊन जीएल-फोर मागितलं, इतक्या हळू की दुकानदाराने पुन्हा विचारलं. नवं तेल पातळ होतं, वासही जेमतेम. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून हात खाली घेतला. गाडी फिरवून आणली. तिसरा असा बसला, जसा काही कधी रुसलाच नव्हता.

संध्याकाळी सून आली तेव्हा त्यांनी किल्ली पुढे केली. बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "झाली गाडी नीट."

"काय झालं होतं, बाबा?"

"आतल्या कड्या गेल्या होत्या."

तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे ना? तुम्ही इतक्यांदा सांगत होतात आणि मला जमतच नव्हतं. या वयात तुम्हाला गाडीखाली झोपावं लागलं. माफ करा, बाबा."

आणि उस्ताद म्हणाले, "असू दे. होतं असं."

असू दे! जिच्यापुढे नाक घासायचं, तिलाच माफी देऊन बसले. शब्द बाहेर पडले आणि त्यांना वाटलं, जीभ झडावी. सून मात्र किल्ली परत खिळ्याला लावत होती.

"बसच बरी, बाबा. परत बिघडेल माझ्या हातून."

त्या रात्री त्यांनी जेवणाचं पान पुढे ओढलं आणि तसंच बाजूला सारलं. पोरीने जे ऐकलं ते खरं धरलं होतं. स्वतःच्या पायापेक्षा सासऱ्याच्या जिभेवर तिचा विश्वास जास्त, आणि ती जीभ ही असली. एकांतात सांगून टाकावं असंही मनात आलं. पण चेष्टा चारचौघांत केलेली, आणि ती भरपाई कोपऱ्यात करायची म्हणजे पुन्हा लबाडीच.

रविवारी टायरवाला आला, रंगारी आला, मुलगा टेकला. सून चहा घेऊन आली तेव्हा उस्तादांनी तिला थांब म्हटलं. आतून ट्रे आणला आणि सगळ्यांमध्ये ठेवून वरचं फडकं काढलं.

टायरवाला वाकला. "पितळ खाल्लंय की रे! सूनबाईंनी—"

"मी," उस्ताद म्हणाले. "तेल मी चुकीचं घातलं. ती पुस्तकातलं सांगत होती, मी तिला उडवून लावलं. तिचा पाय पहिल्यापासून बरोबर होता. मी नालायकासारखा तिला हसलो, आणि तुम्हाला हसवलं."

"अरे, होतं उस्ताद. माणूसच आहे," टायरवाला म्हणाला.

"त्या दिवशी हसलास ना? आता हस."

कुणी हसलं नाही. मुलगा जमिनीकडे बघत बसला. सून ट्रेकडे बघत होती.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि परवा मी तुमची माफी मागितली, तेव्हा?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि क्षणभर त्यांनी त्या संधीकडे पाहिलंसुद्धा. "तेव्हा मला माहीत होतं, पोरी," ते म्हणाले. "चुकलो. मला माफ कर."

ती आत गेली. बराच वेळ गेला. चहा निवला आणि रंगाऱ्याने कुठे तरी जायचं असल्याचं आठवून घेतलं. मग ती खांद्याला कामाची बॅग लावून बाहेर आली. हातात किल्ली होती.

"त्या लांबच्या बाईंकडे जाते. त्यांना अजून कुणी मिळालेलं नाही. बाबा, तुम्ही शेजारी बसा."

माफ केलं की नाही ते ती बोलली नाही, आणि विचारायला त्यांना तोंड नव्हतं. ते निमूट जाऊन बसले.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. पहिला, दुसरा. तिने क्लच पार तळाला नेला, गरज नसताना एकदा सोडून पुन्हा दाबला, जसं त्यांनी शिकवलं होतं तसंच. तिसरा अलगद बसला.

"पाय नीट पडला ना, बाबा?"

"पडला."

मोठ्या रस्त्यावर चौथा आला. आवाज नाही, झटका नाही. लोण्यात सुरी जावी तसा गेला. तिला ते हाताला कळलं असणारच. दुसऱ्यांच्या गुडघ्यांतली कुरकुर बोटांनी ओळखणारी ती.

"पडला ना?"

हाताला कळलेलंही पोरीला अजून आपल्याच जिभेकडून ऐकायचंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. तिने वेग कमी केला, हात गिअरवर तसाच ठेवला आणि ती त्यांच्या हो म्हणण्याची वाट बघत राहिली.