शहरबानूचा अर्ज

१९६७ सालची गोष्ट. आखातात, शारजाच्या वाटेवरच्या एका पोलीस ठाण्यात रत्नागिरीचा गनी परकार कारकून होता. बंदुकीच्या परवान्यांवर शिक्के मारणं हे त्याचं काम. "यल्ला, उरक लवकर!" असं साहेब म्हणाले की गनी न वाचताच शिक्के मारत सुटायचा.

एका शुक्रवारी पाण्याच्या टाकीवर भांडण झालं. एका गोदामवाल्याने घरातून बंदूक आणली आणि रांगेतल्या चौघांना जागीच ठार केलं. त्यांत गनीच्या गावचा तय्यब होता.

दुसऱ्या दिवशी गनीने गोदामवाल्याची फाईल उघडली. त्याचा परवाना महिन्यापूर्वी गनीनेच वाढवून दिला होता! फाईलमध्येच तय्यबच्या बायकोचा, शहरबानूचा अर्ज होता : 'शेजारी बंदूक दाखवून धमकावतो. परवाना वाढवून देण्याआधी आम्हाला विचारा.' तो कुणी वाचलाच नव्हता.

"वरून चौकशीला माणसं येतायत," साहेब म्हणाले. "तो कागद फाड. खलास! नाहीतर पुढच्या बोटीने घरी जाशील."

गनीने कागद खिशात घातला. फाडवेना, दाखवायचा धीरही होईना. संध्याकाळी तो शहरबानूच्या दारी गेला. ती इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहण्याच्या काळात. पडद्याआडूनच बोलली.

"भाबी, माझी चूक झाली. माफ करा."

"माफीने तय्यब परत येणार आहे का, गनीभाई? माझा अर्ज कुठे आहे?"

"माझ्याजवळ आहे. पण साहेब फाडायला सांगतात. नोकरी जाईल माझी."

ती म्हणाली, "तुमची नोकरी जावी असं मला वाटत नाही. पण बंदूक मागणारा स्वतःला भला माणूसच म्हणणार. तो कसा आहे, हे भिंतीपलीकडच्यांना माहीत असतं. त्यांना विचारायचं कुणी? मला आत्ता घराबाहेर पडता येत नाही. माझं म्हणणं तुम्ही पोचवा!"

नवरा जाऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते आणि ही बाई दुसऱ्यांच्या नवऱ्यांची, मुलांची काळजी करत होती! गनीची मान खाली गेली. पण मनातली भीती मात्र गेली.

चौकशीत त्याने अर्ज टेबलावर ठेवला. "हा आमच्याकडे आला होता. मी न वाचता शिक्का मारला. साहेबांनीही विचारपूस केली नाही."

साहेबांची बदली झाली. गनीला लेखी ताकीद मिळाली आणि ती त्याने निमूट स्वीकारली. नवा नियम आला : घरच्यांना आणि शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय बंदुकीचा परवाना नाही. त्यासाठी गनी स्वतः दारोदार हिंडू लागला. बायकांचंही म्हणणं लिहून घेऊ लागला. वर्षभरात सात परवाने रद्द झाले. त्यांत एका बड्या व्यापाऱ्याचाही होता!

वाचकहो, कायदा कागदावर असून भागत नाही. शिक्का मारणाऱ्याने आधी माणसांचं ऐकलं पाहिजे, आणि धोका दिसला की आपणही शहरबानूसारखं निर्भयपणे बोललं पाहिजे.