डावं फूल

जळकोटच्या वीरभद्राला कौल लावायचा म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या गंधानं एकेक फूल चिकटवायचं. देवाच्या उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

चार वर्षांपूर्वी जगदेवीच्या लग्नाचा कौल लावला, तेव्हा डावं पडलं. ठरलेली सोयरीक मोडली. "नशिबात न्हाय तिच्या," पाटील महालिंगप्पा म्हणाले, आणि त्याच मुलाला त्यांनी आपली लेक शिवम्मा दिली. जगदेवीनं विहीर जवळ केली.

तिची आई नीलम्मा देवळाची झाडलोट करी. समई नेहमी मूर्तीसमोर मधोमध असे. त्या कौलानंतर मात्र तेलाचा डाग देवाच्या डाव्या अंगाला होता. पुढं रोज दिवा लावताना तिच्या लक्षात आलं, ज्योतीजवळचं गंध आधी वाळतं, फूल आधी सुटतं. त्या दिवशी समई ठेवली होती खुद्द महालिंगप्पांनी.

ती गप्प राहिली. देवाचं कुणी तिच्याकडून ऐकलं नसतं.

आता रझाकार शेजारच्या गावात आले होते. लोक सोलापूरकडं निघाले होते. पाटलांचा वाडा आधी जळणार, हे पोरंसोरंही सांगत. गुडघे धरलेल्या महालिंगप्पांना गाडीशिवाय गती नव्हती आणि गाडीवान बलभीम कौलाशिवाय बैल जुंपेना.

"लावा मग लवकर," महालिंगप्पा बाहेर पायरीवरूनच म्हणाले. "नीलम्मा, समई पेटव."

तिनं पेटवली. थोड्या वेळानं गुरव ओरडला, "डावं!"

महालिंगप्पा भिंत धरत आत आले. त्यांनी फुलाकडं पाहिलंच नाही, समईकडं पाहिलं.

"ही... ही मधी ठेव."

"का हो पाटील?" नीलम्मा सगळ्यांदेखत म्हणाली. "समईनं कौल बदलतो व्हय?"

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं पाहत होतं.

"म्या न्हाय नेणार," बलभीम म्हणाला. "देवाच्या शब्दाबाहेर गेलो तर बैलं मरत्याल माझी."

दाराशी शिवम्मा लेकराला छातीशी धरून रडत होती. नीलम्मानं समईची वात सारखी केली आणि समई उचलून उजवीकडं ठेवली.

"पोरीचा कौल येगळा लावा," ती गुरवाला म्हणाली.

उजवं पडलं.

लेकीची गाडी वळणाआड गेली तशी देवळापुढं त्या दोघांशिवाय कुणी उरलं नाही. महालिंगप्पांनी हात जोडले. "नीलम्मा, तू सांग त्यांला. अजून हाक पोचंल."

नीलम्मानं समई पुन्हा मधोमध ठेवली, तेलाचा डाग पुसला.

"नशिबात न्हाय तुमच्या," ती म्हणाली आणि गाडीमागं चालू लागली.