नवमीच्या दिवशी मी बंद होतो

मी एक वायफायचा डबा. पांढरा, चपटा, भिंतीवर बसणारा. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज म्हटलं, थोडं आपलंही बोलावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते देवासच्या एका प्रशिक्षण केंद्रात. केंद्र विक्रमसिंहांचं. त्यांचे पूर्वज दरबारी मानकरी होते, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीतही ते कमरेला तलवार असल्यासारखे ताठ बसत. शिकवायचे श्रीपाद सर. मोबाइलचं नेटवर्क आणि वायफाय यांची सोयरीक कशी जुळवायची, हा त्यांचा विषय. टॉवर मिळेनासा झाला की फोननं मुकाट्यानं माझ्याकडे यावं, टॉवर मिळाला की परत जावं, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागू नये, एवढंच त्याचं सार.

"सर, पासवर्ड तो बताओ," पहिल्याच दिवशी अंकित नावाचा एक विद्यार्थी म्हणाला.

"पासवर्ड नाहीच भिया! सिम कार्डच आपली ओळख सांगतं. घरच्या माणसाला कोणी दारात नाव विचारतं का?"

मग फोनवर बोलता बोलता सर माझा प्लग ओढत. फोन टॉवरवर उडी मारी, बोलणं चालूच राही. वर्ग टाळ्या वाजवी. मलाही मौज वाटे. मी असलो काय, नसलो काय, कुणाचंच अडत नसे. सगळे तेवढं मात्र पक्कं शिकले.

केंद्राची एक रीत होती. खंडेनवमीला विक्रमसिंह आम्हा सगळ्या डब्यांना बंद करून पाटावर मांडत. "पूर्वी तलवारी होत्या, आता हीच आपली हत्यारं," असं म्हणून हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. देवासात टॉवर शेजारीच उभा होता. आमच्या विश्रांतीनं कुणाचं काय बिघडणार?

त्या वर्गात धारची प्रियांका होती. शिकणं संपल्यावर वायफाय सांभाळायला तिची नेमणूक उदयनगरच्या पुढे, डोंगराआडच्या एका वाडीत झाली, आणि तिच्याबरोबर माझी. तिथं टॉवर पोचत नव्हता. पंचायतीच्या खोलीपर्यंत इंटरनेटची तार तेवढी आली होती. प्रियांकानं मला भिंतीवर बसवलं आणि पहिला फोन धारला लावला, आईला. आईला ती अक्का म्हणायची.

"अक्का, ऐकू येऊन राहिलं का?"

"अगं बाई, शेजारच्या खोलीतून बोलतेयस जशी! खरंच जंगलात आहेस ना?"

तेव्हापासून रोज त्यांचं बोलणं माझ्यातून जाई. वडील, म्हणजे गणोजी, पथ्य पाळत नाहीत. पोह्यांवरची शेव संपली. तू जेवलीस का? जगात याहून महत्त्वाचं काही नसावं असं मला वाटायला लागलं.

अष्टमीच्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "उद्या नवमी. तुझ्या त्या डब्याची पूजा कर. हत्यार आहे ते तुझं. आणि दिवसभर चालवू नको त्याला. थकला असेल बिचारा."

मी थकत असेन असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. मी विरघळलो.

नवमीला पंचायतीला सुट्टी होती. प्रियांकानं मला ओल्या फडक्यानं पुसलं, बंद केलं, कुंकू लावलं, जाळीत फूल खोचलं. "आराम कर रे आज," म्हणाली आणि हात जोडले. इथं उडी मारायला टॉवर नाही, हे तिला ठाऊक होतंच, सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. पण रीत म्हटली की माणूस विचार करत नाही.

पुढचं सगळं मला मागाहून कळलं. त्या सकाळी धारला गणोजी फोन घरीच ठेवून झेंडू आणायला बाजारात गेले होते. अक्का घरात एकटी. तिचा उजवा हात एकाएकी जड झाला. तिनं प्रियांकाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तो लागला असता तर प्रियांकानं तिथूनच शेजाऱ्यांना हलवलं असतं. अक्का मात्र खुर्चीत बसून राहिली. गणोजी आले तेव्हा तिची जीभ अडखळत होती.

"प्रियांकाचा लागत नाहीये," ती म्हणाली. "बरोबर आहे. नवमी ना आज. पूजेला ठेवला असेल पोरीनं."

त्यानंतर अक्काच्या तोंडून धड वाक्य आलं नाही. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, जरा आधी आणायला हवं होतं.

दसऱ्याला प्रियांकानं मला चालू केलं आणि गणोजींचा फोन आला. त्यांनी सगळं सांगितलं, अक्काचं ते शेवटचं वाक्यसुद्धा. प्रियांका ओढणीनं माझ्यावरचं कुंकू खसाखसा पुसत राहिली. जाळीत शिरलेलं निघालंच नाही.

आता वाडीत नवा डबा आहे. प्रियांका देवासला शिकवते आणि सुट्टी मिळाली की धार गाठते. मी तिच्या वर्गातल्या टेबलावर असतो. ती टॉवरचं नेटवर्क बंद केलेला फोन हातात घेते, कुणाशी तरी बोलायला लागते आणि मध्येच माझा प्लग ओढते. बोलणं तुटतं. इथं कुणी टाळ्या वाजवत नाही. "माझी आई अशीच वाट पाहत बसली होती," ती सांगते. यंदा नवमीला तिनं माझा दिवा चालू ठेवून पूजा केली. विक्रमसिंह बघत होते.

तुम्हीही कुंकू लावा, फूल ठेवा, मला आवडतं. पण माझ्याशिवाय ज्याचा फोन मुका होतो, त्याच्या घरी मला बंद करू नका हो.

वर्ग सुटल्यावर प्रियांका धारला फोन लावते. गणोजी तो अक्काच्या कानाशी धरतात. आवाज अगदी स्वच्छ जातो. तिकडचा पंखासुद्धा ऐकू येतो. प्रियांका दिवसभरातलं सगळं सांगते, शेव संपली का विचारते. मला अक्काला एकच सांगायचं असतं, की मी थकत नाही. रोज ती माझ्या इतकी जवळ असते, आणि मला बोलता येत नाही. तिलाही.