डोहातली नथ

"ढील द्या सायेब, ढील! वढू नका!"

राजकुमार साहेबांच्या काठीचं टोक पाण्याला टेकायला आलं होतं आणि रिळातून दोरी करकरत सुटत होती. मी त्यांच्या डाव्या अंगाला कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. मार्गशीर्षातलं पैनगंगेचं पाणी सकाळी हाडात शिरतं. मला ते चालतं. थंड पाण्यात मासा लवकर सावरतो. उन्हाळ्यात डोह आटून कोमट झाला की मी इथे कुणालाच गळ टाकू देत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

"पेद्द चेपा, काका! पेद्द चेपा!"

मोठा मासा लागला की साहेब तेलुगूतच ओरडतात. एरवी ते हिंदीत बोलतात आणि मी माझ्या बोलीत. दहा हिवाळे ते हैदराबादहून येताहेत, दोघांचंही अडत नाही.

जैनथच्या पुढे, आमच्या गावाखाली नदी वळते तिथे हा सटवाईचा डोह आहे. यातला मासा गावात कुणी खात नाही. पकडलेला मासा जिवंत सोडायचा, या अटीवर गावाने साहेबांना परवानगी दिली आणि सोडायचं काम माझ्याकडे आलं. तसा मी काठावर वांगी-टमाटे लावणारा माणूस. पण आता या कामाला माझा हात बसला आहे. गळाचा उलटा दात मी आधीच पकडीने दाबून टाकतो, म्हणजे काटा निघताना मांस फाटत नाही. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवत नाही. त्याला वाळूवर घेत नाही, कल्ल्यात बोट घालत नाही.

"थोडा थकने दो ना उसको," साहेब म्हणाले.

"लय थकला तर सोडल्यावर मरते. मायाकडं आना."

मासा खालून आला आणि पाण्यावर एकदा आडवा झाला. खडस होता, साहेब त्याला महाशीर म्हणतात. बारा-तेरा किलोचा तरी असेल. उन्हात त्याचे खवले पितळेसारखे दिसले आणि डाव्या कल्ल्यावरचा चिंचोक्याएवढा पांढरा व्रणही दिसला.

माझ्या हातातली जाळी तशीच राहिली.

"काका! जाली!"

मी जाळी त्याच्याखाली घातली. सात वर्षांत लहान-मोठे शंभरेक मासे माझ्या हातून गेले असतील, पण हा एकदाही गळाला लागला नव्हता. लागू नये असंच मला वाटायचं.

आमची पोर दीपमाला सात वर्षांमागे कार्तिकात गेली. कावीळ झाली होती. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, नथ घडवून आणली होती. ती नथ आरशासमोर नाकाला लावून बघायची आणि आईला म्हणायची, "माय, हे घालून जेवता कसं येते वं?"

आमच्या काठाला एक रीत आहे. लग्न ठरलेली पोर लग्नाआधी गेली तर तिची नथ घरात ठेवायची नाही, मोडायचीही नाही. बापाने एकट्याने डोहावर जायचं, मोठा मासा धरायचा, त्याच्या ओठाच्या कडेला नथ घालायची आणि त्याला सोडायचं. मासा नथ घेऊन खोल पाण्यात गेला की पोर सासरी गेली असं धरायचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वच्छलाने, माझ्या बायकोने, नथ पिवळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिली.

मी गेलो. मासा लागला, तो हाच. त्या वेळी मी घाईत होतो, मनही ठिकाणावर नव्हतं. मी त्याला फार वेळ खेळवलं. हातात आला तेव्हा तो एका अंगावर पडला होता आणि तोंड उघडत होता, मिटत होता. मी दाभण काढलं, ओठाला टेकवलं. त्याचं तोंड पुन्हा उघडलं. दवाखान्यात शेवटच्या रात्री दीपमाला अशीच श्वास घेत होती. मी दाभण पाण्यात टाकून दिलं. दोन्ही हातांनी त्याला धारेकडे तोंड करून धरलं, ते दुपारपर्यंत. मग त्याने शेपूट हलवली आणि तो गेला. नथ माझ्या मुठीत राहिली. मी पायाने गाळ उकरला, तिथे ती दाबली आणि वर दगड ठेवला.

घरी वच्छला दारात बसली होती.

"घातली?"

"घातली."

"खोल गेला?"

"हो."

तेव्हा ती उठली आणि तेरा दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवली. तिला जेवताना बघून माझी जीभ जागची हलली नाही.

पुढल्या पावसाळ्यात पूर आला. ओसरल्यावर मी जाऊन पाहिलं. दगडही नव्हता.

तेव्हापासून वच्छला दर शुक्रवारी कणकेच्या गोळ्या घेऊन डोहावर येते. घरी येऊन सांगते, "आज चमकली बरं जी. कपारीपाशी." मी म्हणतो, "तिथंच राह्यते तो." एकदाच खोटं बोललो असतो तर निभलं असतं. मी दर शुक्रवारी बोलत आलो.

"काका, उठाओ! फोटो!"

साहेबांनी काठी काठावर फेकली होती आणि गळ्यातला फोन काढून ते खोल बाजूने माझ्यासमोर आले होते. मी काटा काढला, जाळी खाली केली. एक हात शेपटीच्या मुळाशी आणि एक पोटाखाली घालून मासा पाण्यातच धरला. तेवढ्यात घाटावर धुणं धूत असलेल्या सोजरबाईचा आवाज आला, "वच्छले, धाव वं! मोठा सापडला, लय मोठा!"

वच्छला आमच्याच वांग्याच्या वाफ्यात होती. हातात खुरपं तसंच घेऊन ती पळत आली. साठीची बाई, पळताना पदर मागे लोळत होता.

"थांबा! सोडू नका! मले पाहू द्या!"

"काऊन आली तू? पाय घसरंल."

"तोच हाय ना? तोंड दाखवा त्याचं. इकडं वळवा."

माशाला पाण्याबाहेर किती वेळ धरायचं याचं माझं एक माप आहे. उचलताना आपणही श्वास धरायचा. आपला दम संपला की त्याचाही संपला, खाली ठेवायचं. गावातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, वच्छलालाही.

मी श्वास धरला आणि मासा उचलला. त्याचं तोंड साहेबांकडे होतं, शेपूट काठाकडे. साहेब एका बाजूने, मग वाकून दुसऱ्या बाजूने फोटो काढत होते.

"अवो, इकडं वळवा ना," वच्छला म्हणाली. ती घोटाभर पाण्यात आली होती. "एकडाव. मी हात नाई लावत. नुसतं पाह्यते."

नुसतं मनगट फिरवायचं होतं. मी मासा पाण्यात ठेवला.

"दम संपला," मी म्हणालो. "आता उचलला तर मरंल तो."

माझ्या छातीत अजून बराच दम होता.

ती तिथेच थांबली. मग म्हणाली, "नाई नाई, मरू देऊ नका बाप्पा त्याले." आणि दोन पावलं मागे सरकली, जणू तिच्या तिथे उभं राहण्यानेही त्याला काही होईल.

मी त्याचं तोंड धारेकडे केलं. काही लोक माशाला पुढेमागे हलवतात, ते चुकीचं आहे. पाणी आपोआप तोंडातून आत गेलं पाहिजे. आपण फक्त आधार द्यायचा. कल्ले आधी भराभर हलत होते, मग सावकाश हलू लागले. त्याने माझ्या हातात एकदा अंग ताठ केलं. मी बोटं सैल केली. शेपटीचा एक झटका बसला, तोंडावर पाणी उडालं आणि तो गेला.

माझं काम झालं होतं. मला वाटलं, निभावलं.

साहेब मात्र हसत हसत काठाला गेले. "अरे मौसी, दुखी मत हो! फोटो है ना. देखो, आराम से देखो."

त्यांनी फोन तिच्या हातात दिला, दोन बोटांनी चित्र मोठं कसं करायचं तेही दाखवलं. तिने मातीचा हात लुगड्याला पुसला. मी पाण्यातच उभा राहिलो. तिने माशाचं तोंड मोठं केलं, आणखी मोठं केलं. उन्हात दिसेना म्हणून पदराची सावली धरली.

"दुसऱ्या अंगाचा हाय?"

"है ना." साहेबांनी बोटाने चित्र सरकवलं.

ती बघत राहिली. एवढा वेळ कुणी फोटो बघत नाही. मग तिने मान वर केली आणि फोनकडेही नाही, साहेबांकडेही नाही, माझ्याकडे बघितलं. मी खाली पाण्यात बघितलं.

"हा तो नव्हे," ती म्हणाली.

"कौन, मौसी?"

वच्छला साहेबांशी तिच्यापुरतं हिंदी बोलते. "हमारावाला बडा है, सायेब. उसको नथ है, सोने की. हमारे लडकी की."

साहेबांचं हसू थांबलं. सात वर्षांत मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "मिलेगा मौसी. अगली बार वोही पकडेंगे."

"ना ना. उसको मत पकडना." ती हसली. खरंच हसली. "उसका लगन हो गया है. अपने घर में है वो."

साहेब काठी आवरून गाडीकडे गेले. मी बाहेर आलो आणि खडकावर बसलो. बोटं वळत नव्हती. वच्छला खुरप्याची माती नखाने काढत उभी होती.

"वच्छले," मी म्हणालो, "नथ पान्यातच हाय."

"बरं."

"मी तवा..."

"राहू द्या." तिने खुरपं खाली ठेवलं. "एक सांगा. त्या दिवशी तुमी दुपारलोक इथं होते. काय करून राह्यले होते?"

"मासा धरून होतो."

"एवढा वेळ?"

"तो जातच नव्हता."

"रडले होते?"

सात वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरी मी रडलो नव्हतो. मांडववाल्याला, वाजंत्रीवाल्याला नको म्हणून सांगायला मीच गेलो होतो. मुलाकडचे भेटायला आले तेव्हा त्यांना चहा मीच दिला होता.

"हो," मी म्हणालो.

"लय?"

"लय."



"मले वाटे, या मानसाले काईच झालं नाई," ती म्हणाली. "सात वर्सं मले तसंच वाटे."

मग ती माझ्याजवळ, त्याच खडकावर बसली. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत ती माझ्याशेजारी अशी कधी बसली नव्हती. समोर घाटावर सोजरबाई हातातलं धुणं थांबवून आमच्याकडे बघत होती. वच्छलाने डोक्यावरचा पदर सावरला नाही, सरकूनही बसली नाही.