सांभाराची शिंगं

लग्नाच्या बस्त्याला आलेल्या एका कुटुंबाला मी एका बैठकीत एकतीस साड्या विकल्या आहेत. नवरीची आई एकीकडे तोंड करून बसलेली, आत्या दुसरीकडे, मामी रुसलेली आणि नवरीला काहीच पसंत नाही. तरी एकतीस. नागपूरच्या गांधीबागेतल्या एका दुकानात मी सात वर्षं साड्या दाखवल्या. आमचे सेठजी गुजराती. ते म्हणायचे, "मोनाली, जो बोलेल त्याची बोरं खपतात." उमरेड-काटोलकडचं अडेलतट्टू गिऱ्हाईक आलं की ते हमखास माझ्याच गादीवर पाठवायचे. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारच्या गादीवरच्या बायाही मान वळवून पाहायच्या. मी फुशारकी मारते आहे असं वाटत असेल, तर बरोबर वाटतं आहे.

तर अशा बाईची पोरगी अडीच वर्षांची झाली तरी चारच शब्द बोलायची. पप्पा, मम, नको आणि चाल. त्यात 'आई' नव्हतं.

रितू झाली आणि माझं दुकान सुटलं. माझा नवरा अंकुश मौद्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे फिटर आहे. सकाळी सहाला कंपनीची बस येते, परत यायला सात वाजतात. इंदोरा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर मी आणि पोरगी. पहिल्या वर्षी ती रडायची, दुसऱ्या वर्षी मी. भांडी घासताना डोळे वाहायला लागायचे आणि का ते मलाच कळायचं नाही. 'खा', 'झोप' आणि 'हात नको लावू' यापलीकडे मी तिच्याशी बोलत नसे. घरात बोलायचा तो टीव्ही. शेजारीण म्हणायची, "घरी तं बसून राहिली तू, तुले कायचं टेन्शन वं?" पूर्वीची मी असते तर तिला जागच्या जागी असं उत्तर दिलं असतं की आठवडाभर पुरलं असतं. तेव्हा मी नुसतं दार लावून घ्यायची. मला स्वतःची कीव यायची, आणि कीव आली म्हणून रागही यायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर चारुशीलाताई घरी आल्या. त्या आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविका. पोरांची वजनं, उंची, लसी असं सगळं त्यांच्या वहीत असतं.

"रितू किती शब्द बोलते वं?" त्यांनी वही उघडत विचारलं.

"लय बोलते," मी खुशाल खोटं सांगितलं.

ताईंनी रितूकडे पाहिलं. रितू कोपऱ्यात वाटी आपटत बसली होती. ताईंनी पेन खाली ठेवला.

"अन् तू? तू दिवसातून किती शब्द बोलते?"

हा प्रश्न मला अडीच वर्षांत कोणी विचारला नव्हता. पोरीचं वजन सगळ्यांनी विचारलं, माझं कोणी नाही. मी मनात शब्द मोजायला गेले आणि लक्षात आलं, पोरीच्या चारांच्या फार पुढं मी जात नाही. मग मी जी रडायला लागले ती ताईंच्या खांद्यावरचा पदर ओला होईपर्यंत. ताईंनी 'रडू नको' म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

"पह्यले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन तिचे कान तपासून घे," मी शांत झाल्यावर त्या म्हणाल्या. "अन् तिथंच डॉक्टरबाईले तुह्यं बी सांग. त्यात लाजाचं काही नाही. होळीच्या आधी मोठ्या मॅडम येतात पोरं पाहाले. तोवर नाही बोलली तं पुढचं पाहू." जाताना त्यांनी पिशवीतून चित्रांचं एक पुस्तक काढून दिलं. जंगलातल्या प्राण्यांचं, बारा पानांचं, एका कोपऱ्याला कोण्या पोरानं चावलेलं. "रोज एकडाव वाच तिच्यासंगं. जमन तसं."

कान तपासले. कान चांगले होते. डॉक्टरबाईंना माझंही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. मी जात राहिले. आधी सकाळी उठवत नसे, गोळ्यांनी ते उठवायला लागलं. पण पुस्तक काही जमेना.

मी वाचायचे, "हा हत्ती आहे. हत्ती मोठा आहे. हा वाघ आहे. वाघ डरकाळी फोडतो." शाळेत बाई उभं करून वाचायला लावायच्या, तो आवाज. दीड मिनिटात जंगल संपायचं. रितू तिसऱ्या पानालाच उठून वाटीकडे जायची. चौथ्या दिवशी मी पुस्तक भिरकावलं. मला वाटलं, पोरीलाही मी नकोच आहे.

संध्याकाळी जेवताना अंकुशला हे सांगितलं. त्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "वाचून दाखव बरं, कशी वाचते तं."

मी वाचून दाखवलं. तो हसायला लागला. "गिऱ्हाइकाले अशी साडी दाखवली असती ना वं, तं सेठजीनं तुले पह्यल्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही बसमध्ये झोपा काढत जाता, तुम्हाला काय कळतं, इथपासून सुरू करून मी त्याच्या आत्यापर्यंत पोचले. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलले. अंकुशच्या मिशीत हसू होतं. मेला जिंकला होता.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिडूनच कपाटातून पांढरी चादर काढली. जमिनीवर सतरंजी, वर चादर, कडा ताणून घेतल्या. झाली गादी. रितूला समोर बसवलं, गिऱ्हाइकाच्या जागेवर. आधी पाणी दिलं. गांधीबागेत पाणी दिल्याशिवाय साडीची घडी मोडत नाहीत.

"या ताई, बसा. घाई नाही. पाहून तं घ्या, पटलं नाही तं नका घेऊ."

रितूनं पेला तसाच ओठाला लावून ठेवला आणि माझ्याकडे टकामका पाहू लागली.

"हा हत्ती पाहा ताई. हात लावून पाहा. अंगभर एकच रंग, धुतला तरी जात नाही. अन् ही सोंड! सोडू का पुरी? लांब आहे, हां, नऊवारी आहे." मी पान असं उघडलं जशी पैठणीची घडी, एका झटक्यात, वारं लागेल असं. रितू खुदकन हसली.

साडी दाखवण्यात एक गोम आहे, ती सांगते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहायचं नाही. तोंड खोटं बोलतं, 'नको नको' म्हणतं. हाताकडे पाहायचं. ज्या काठावर बोट जरा थांबतं, तोच माल पुढं ओढायचा आणि त्याचंच बोलायचं. बाकी घड्या गेल्या खड्ड्यात. मी चार दिवस पोरीला हत्तीपासून घुबडापर्यंत ओढत नेत होते, आणि तिचं बोट कुठं थांबतं हे एकदाही पाहिलं नव्हतं. कुठल्या दुकानदारणीला हे शोभलं असतं?

त्या दिवशी पाहिलं. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं. तळ्याच्या काठी सांबर उभं होतं, शेजारी त्याचं पिल्लू. बोट शिंगांवर होतं, फांद्या फुटलेल्या मोठ्या शिंगांवर.

"हे सांबर आहे ताई," मी म्हटलं. "सांबर पाणी पिऊन राहिलं."

रितू उठली. मला वाटलं, चालली वाटीकडे. ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली गेली, टोपलीत हात घातला आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. ती जुडी तिनं पानावर आपटली.

"सांभार!"

आता नागपूरबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, की आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पुण्याकडची माणसं यावर हसतात, हसू द्या. माझ्या पोरीला वाटलं, या जनावराच्या डोक्यावर सांभार उगवला आहे. आणि खरं सांगते, मी पुन्हा चित्राकडे पाहिलं तर मलाही तसंच दिसलं. मधे एक दांडा, त्याला फांद्या.

मी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून. रितूही हसत होती, मी हसते म्हणून. पाणी तर रोजच यायचं डोळ्यांत, पण असं नाही. तिचा पाचवा शब्द सांभार, आणि तो तिनं मला जुडीसकट दिला होता.

पुढं सगळं एका दिवसात झालं नाही. काही दिवस माझाच मूड नसायचा, चादर कपाटातच राहायची. एकदा आठवडाभर राहिली. पण मग रितू स्वतः चादर ओढत आणायला लागली, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर दुकान बंद कसं ठेवायचं? ती जुडी रोज सांबराला चारावी लागायची, त्या पानाला हिरवे डाग पडले. जानेवारीत 'पानी पेते' आलं. मग 'घाई नाही' आलं. मग 'रंग नाही जात'. सगळा माझाच माल माझ्याकडे परत येत होता. घोळ एवढाच झाला की मी गिऱ्हाईक म्हणून तिला 'ताई' म्हणायचे, तर तीही मला 'ताई' म्हणायला लागली. "ताई, मम दे." "ताई, चाल." अंकुशची हसून पुरेवाट. मी पण हसायचे, पण आत कुठंतरी खुपायचं. एवढे शब्द आले, तेवढा एक का येऊ नये?

होळीच्या आधी मोठ्या मॅडम आल्या. अंगणवाडीत आम्ही आया भिंतीला लागून बसलो, पोरं मधे. मॅडम एकेकाला चित्राचं कार्ड दाखवत होत्या. रितूच्या नशिबानं म्हणा की काय, तिच्या वाट्याला नेमकं सांबर आलं.

"हे काय आहे बाळा?"

"सांभार," रितू म्हणाली. "पानी पेते."

मॅडम हसून म्हणाल्या, "सांभार नाही, सांबर म्हणायचं. सांभार भाजीत टाकतात."

माझ्यातली सात वर्षांची दुकानदारीण फणा काढून उठली. "मॅडम, गिऱ्हाईक चुकलं म्हणायचं नसते. त्याची शिंगं पाहा बरं एकडाव, अन् मग सांगा."

चारुशीलाताईंनी कपाळाला हात लावला. मॅडमनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मग त्या अशा मोकळ्या हसल्या की माझा फणा आपोआप खाली गेला. "खरंच की हो," त्या म्हणाल्या. "सांभारच आहे. बाळा, अजून सांग ना मला."

रितूनं आमचं पुस्तक बरोबर आणलं होतं. तिनं ते अंगणवाडीच्या सतरंजीवर ठेवलं, तळहातानं सतरंजीच्या सुरकुत्या काढल्या. मॅडम कौतुकानं तिच्यासमोर बसायला लागल्या. रितूनं मान हलवली.

"तू नको." मग तिनं भिंतीकडे पाहिलं, सगळ्या बायांमधून मला शोधलं आणि समोरच्या जागेवर हात थोपटला. "आई, बस."

मी ऐकलं. चारुशीलाताईंनीही ऐकलं, त्यांचा पेन वहीवर थांबला होता.

मी जाऊन बसले. सात वर्षं त्या दुकानात काढली, पण गिऱ्हाइकाच्या जागेवर मी कधी बसले नव्हते. आपल्यासाठी कोणी घडी मोडतं आहे, आपल्याला काय आवडतं ते पाहतं आहे, हे कसं वाटतं ते मला ठाऊकच नव्हतं. रितूनं आपली पाण्याची बाटली आधी माझ्या हातात दिली. मी घोटभर प्यायले. मग तिनं पुस्तक उघडलं, एका झटक्यात, वारं लागेल असं. अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात ते त्या क्षणी माझ्या अंगावर चढलं.

सातवं पान आलं. माझं बोट सांबराशेजारच्या पिल्लावर गेलं आणि तिथंच राहिलं.

रितू माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती माझ्या हाताकडे पाहत होती. तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि पिल्लावर आपलं बोट ठेवलं, माझ्या बोटाला लागून.

"हे घे आई," ती म्हणाली. "रंग नाही जात."