तुमची पाळी, पप्पा

मित्रांनो, मला गंज चढत नाही, माझ्या अंगावरचा एकही खिळा आजवर सैल झालेला नाही, आणि तरीही मी जुना आहे, कारण मी खूप वाट बघितली आहे. मी वाफेचा बैल आहे. पितळी शिंगं, तांब्याचं अंग आणि वशिंडाच्या जागी गोल गरगरीत बॉयलर. नाव तांबू. राहणार वाफनगर. आता वाफनगर कुठे आलं म्हणाल, तर महाळुंग्यात, एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, गोदरेजच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये.

हो, मी एका खेळातला आहे. हसा खुशाल! पण माझ्याइतकं निवांत आयुष्य तुमच्यापैकी कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म तळवड्याचा. एका छोट्याशा ऑफिसात सुखदाताई नावाची मुलगी बसायची, तिने मला काढलं. आधी तिने मला चाकं दिली होती. मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, चाकांवरचा बैल म्हणजे ट्रॅक्टरच झाला की!" आणि तिने मला चार पाय दिले. गुडघ्यांत दातेरी चक्रं बसवली, नाकपुड्यांतून पांढरी वाफ सोडली. मी चालायला लागलो की सुई-सुई-खटॅक, सुई-सुई-खटॅक असा आवाज यायचा, आणि तिला तो इतका आवडायचा की ती मला उगाचच फिरवून आणायची.

पण मित्रांनो, नुसतं देखणं असून भागत नाही. तिच्यासोबत काम करणारा क्षितिजदादा पहिल्यांदा खेळायला बसला आणि थोड्याच वेळात खुर्चीत मागे रेलला.

"दिसतंय भारी गं," तो म्हणाला, "पण मजा नाही येत."

"का? काय कमी आहे?"

"काहीच कमी नाहीये, तोच वांधा आहे. वाफच वाफ! मी विचारच करत नाहीये, नुसता दाबत सुटलोय."

सुखदाताई रुसली. पण दुसऱ्या दिवशी तिने माझी वाफ तोडली. आता एका खेपेला मला वशिंडभरच वाफ मिळू लागली. तेवढ्यात मी लांब चालून जाईन, नाहीतर जोरात धडक देईन. दोन्ही होणार नाही. उरलेली वाफ राखून ठेवली, तर ती पुढच्या खेपेला कामी येईल. शिवाय तिने सगळ्या खोऱ्यावर धुकं पांघरलं. धुक्यात शत्रूची यंत्रं कुठे दबा धरून बसली आहेत ते जवळ गेल्याशिवाय दिसायचं नाही. क्षितिजदादा पुन्हा बसला. या वेळी पुढे वाकून. हनुवटीखाली हात. मला एक घर हलवायच्या आधी तो इतका वेळ गप्प राहिला की शेजारचा चहा गार झाला, त्यावर साय आली. ती साय बघून सुखदाताई टुणकन उठली आणि टाळ्या पिटायला लागली. खेळ जमला होता!

मग भांडण झालं ते बटणावरच्या शब्दावरून. आपली सगळी यंत्रं हलवून झाली की एक बटण दाबायचं, म्हणजे समोरच्याला खेळता येतं. त्यावर लिहायचं काय? "टर्न संपला" तिला नको होतं. "चाल" म्हणजे एकाच यंत्राची, "डाव" म्हणजे तर अख्खा खेळ. शेवटी तिने लिहिलं, "पाळी संपली". क्षितिजदादाने तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, "शब्द चांगलाय, तुझं डोकं फिरलंय." तो शब्द पुढे काय करणार आहे हे त्या दोघांना कुठे ठाऊक होतं!

तिथून मी महाळुंग्याला आलो, अपेक्षाच्या घरी. अपेक्षा नववीत आहे. तिचे पप्पा सुजित कंपनीत प्रेस मशीन चालवतात, आई कस्तुरा घरीच शिवणकाम करते. ही मंडळी मूळची लातूरकडची. पप्पांची ड्युटी आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीला ते पहाटे निघतात तेव्हा अपेक्षा झोपलेली, आणि ती शाळेतून येते तेव्हा ते दमून झोपलेले. दुसऱ्या पाळीला ते रात्री उशिरा येऊन सकाळी बराच वेळ झोपतात, आणि ती दुपारच्या शाळेतून येते तेव्हा ते कंपनीत. त्यांची सुट्टी गुरुवारी, तिची रविवारी. एकाच घरात राहून दोघं एकमेकांना चपलांवरून ओळखायची. चपला दारात आहेत, म्हणजे माणूस घरात आहे!

अशा घरात दुसरा कुठला खेळ चालला असता, सांगा? धावाधावीच्या खेळात तुम्ही जागेवर नसलात की मेलातच. आमचा खेळ थांबतो. आमच्यात जोडीने खेळायची सोय आहे: एका नगराचे दोन सरदार. एक सरदार आपली पाळी खेळतो, मग शत्रू, मग दुसरा सरदार. अपेक्षा सकाळी खेळून शाळेत जायची, पप्पा जमेल तेव्हा बसायचे. मधल्या वेळात सगळं वाफनगर होतं तसं थिजून राहायचं. शत्रूचा तोफगोळा हवेत लटकलेला. माझ्या नाकपुडीतली वाफ कापसासारखी अर्ध्यात थांबलेली. मी पडद्याच्या आतून खिडकी बघत बसायचो. बाहेर कंपन्यांची धुरांडी, पलीकडे उसाचा एक उरलेला पट्टा, सकाळी त्यावर धुकं. कधी कधी मला कळायचंच नाही की ते माझं धुकं आहे की त्यांचं. लांबून प्रेसचे ठोके ऐकू यायचे, धम्म, धम्म, आणि मला वाटायचं, कुठेतरी माझ्याच जातीचं कुणीतरी चाललंय.

आणि गंमत अशी की थांबलेला खेळही चालूच असतो! अपेक्षा भूगोलाच्या तासाला मला मनातल्या मनात खिंडीत न्यायची, परत आणायची. पप्पा बसमध्ये उभे राहून ठरवायचे की आज धडक मारायची नाही, लांब चालून जायचं. आपली पाळी नसताना जो विचार चालतो ना, मित्रांनो, खरा खेळ तोच.

एका रविवारी तर धमाल झाली. पप्पा खाली कंपनीच्या बसची वाट बघत उभे होते. अपेक्षाने आपली खेळी पुरी केली, गॅलरीत धावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "पप्पाऽऽ! माझी पाळी संपली! आता तुमची!"

बसच्या रांगेतली माणसं खो-खो हसली. कस्तुराबाईंनी हातातलं कापड टाकलं आणि लेकीला दंडाला धरून आत ओढलं. "काय बया ही! हळू बोलावं की जरा!"

"त्यात काय, आई? तीही येते आणि ही पण येते. दोन्हीत लाजण्यासारखं काय आहे?"

कस्तुराबाई रागवायचं ठरवून हसल्याच. खाली पप्पा मान घालून हसत होते, पण त्यांनी हात वर करून दाखवला. ऐकलं म्हणून.

आता दुःखाचं सांगतो. आमच्यात एक छोटं विमान होतं. फुग्याखाली टांगलेली टोपली आणि वर एकच इवलंसं धुरांडं, म्हणून अपेक्षाने त्याचं नाव ठेवलं होतं चिमणी. अपेक्षाचा जीव होता तिच्यावर. धुक्याच्या वर जाऊन खाली काय दडलंय ते फक्त चिमणीला दिसायचं.

पप्पांना एक सवय होती. आपली खेळी झाली की ते माझ्या वशिंडावरचा दट्ट्या दाबून उरलेली सगळी वाफ सोडून द्यायचे. फुस्स्स! मग शांतपणे "पाळी संपली" दाबायचे. दुसऱ्या दिवशी अपेक्षा कुरकुरायची, "तांबू पुन्हा थंड!" पण मी पडलो जमिनीवरचा प्राणी. थंड झालो तरी उभाच राहतो.

मग एका रविवारी पप्पांनी पहिल्यांदाच चिमणीही चालवली, आणि ती खोल दरीवर तरंगत होती. पप्पांनी आधी माझी वाफ सोडली. मग त्याच हाताने, त्याच सवयीने, चिमणीची. आणि बटण दाबलं.

अपेक्षा वेणी घालत बाहेर आली, तेव्हा चिमणी धुक्यात बुडत होती. धुरांडं तेवढं शेवटी दिसलं. मग तेही नाही.

"पप्पा! वाफ का सोडली? ती हवेत होती! वाफेवरच तरंगते ना ती!"

"मला वाटलं... पाळी संपली की..."

"तुम्हाला येत नाही ना, मग हात कशाला लावता? तुमची कंपनी आहे का ही?"

पप्पा उठले. "बरं बाई. नाही लावत," एवढंच म्हणाले, डबा घेतला आणि बसच्या बऱ्याच आधी खाली जाऊन उभे राहिले.

अपेक्षाने रागारागात आपली खेळी केली. बटण दाबलं. शत्रूचीही झाली. पडद्यावर अक्षरं आली: पप्पांची पाळी.

आणि मग कुणीच आलं नाही.

सोमवारी नाही. मंगळवारी नाही. पप्पा कॉम्प्युटरसमोरून जाताना मान वळवून जायचे, जसं उधारी राहिलेल्या दुकानासमोरून जातात. शत्रूचा गोळा माझ्या डोक्यावर लटकत होता, पण मला त्याची भीती नव्हती. मला भीती होती ती वेगळीच: थांबणं आणि संपणं यांत फरक काय असतो? बाहेरून दोन्ही अगदी सारखीच दिसतात!

बुधवारी अपेक्षा माझ्यासमोर बराच वेळ बसली. माउसवर बोट.

शिलाई मशीनवरून कस्तुराबाई म्हणाल्या, "तूच खेळ की त्यांचं. कोण बघायलंय?"

"त्यांची पाळी आहे, आई."

"मग त्या माणसाला सांग. मला आन त्या डब्याला काय सांगायलीस?"

गुरुवार उजाडला. पप्पा घरी होते, दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते. अपेक्षा शाळेच्या गणवेशात त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"पप्पा, वाफ का सोडता तुम्ही?"

ते ब्रश फिरवत राहिले. "पाळी संपली म्हणून लिहिलंय की त्यावर. पाळी संपली की मशीनचा दाब काढायचा, मगच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. आमच्यात तसंच असतंय."

"खेळातपण?"

"माझ्यामागून कोण येतंय?" त्यांनी वर बघितलं. "कंपनीत माझ्यामागून जयदीप येतो. बंद आहे समजून त्यानं हात घातला, आन आत दाब उरलेला असला, तर? बोटं जातात माणसाची. आन इथं माझ्यामागून तू येतीस. तुला गरम मशीन कसं देऊ, लेकरा?"

मित्रांनो, मी पडद्याच्या आतून बघत होतो. अपेक्षाचं नाक लाल झालं होतं.

"ते मागं जायचं बटण असतंय म्हणे," पप्पा म्हणाले. "ते दाब आन आण तुझी चिमणी परत."

"आणता येईल. पण मग तुम्ही खेळलेली पाळी पुसली जाईल."

"जाऊ दे की. चुकलेलीच होती."

"चुकलेली असली तरी तुमची आहे. मी नाही पुसणार." ती उभी राहिली, दप्तर खांद्यावर टाकलं. "रविवारी मी वाईट बोलले. आणि ऐका, इथे माझी बोटं जात नाहीत. तुम्ही मला गरम मशीन दिलं तर उलट मी दरी ओलांडीन! तुमची पाळी आहे, पप्पा. आम्ही सगळे थांबलोय." आणि जिना धडाधडा उतरून ती गेली.

पप्पांनी बूट पुरे केले. हात धुतले, चांगले साबण लावून. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. डोक्यावरचा गोळा आधी बघितला, मग मला दोन घरं मागे घेतलं. सुई-सुई-खटॅक! किती दिवसांनी माझे गुडघे वाजले! गोळा रिकाम्या मातीत पडला. वशिंडात अर्धी वाफ उरली होती. माउसचा बाण दट्ट्यावर गेला आणि तिथेच घुटमळला. इतक्या वर्षांत त्या हाताने दाब न काढता मशीन कुणाला दिलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. उठले. खिडकीपर्यंत गेले. परत आले, माझी वाफ पुन्हा एकदा नीट बघितली, आणि मला तसाच, गरम, फुरफुरत ठेवून बटण दाबलं.

मित्रांनो, मी एक यंत्राचं जनावर, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागतो. तुमच्याही घरात कुणाची तरी पाळी अडकून पडलेली असेल: दादाची, आईची, एखाद्या रुसलेल्या मैत्रिणीची. ती त्यांच्या हातून ओढून घेऊन तुम्हीच खेळून टाकू नका. आणि ती त्यांना आपोआप आठवेल म्हणून गप्पही बसू नका. समोर जाऊन बसा आणि सांगा.

चिमणी परत आली नाही. दरीतलं धुकं अजून तसंच दाट आहे आणि आता वरून बघणारं कुणी नाही. पण संध्याकाळ झाली आहे, जिन्यात धडधड ऐकू येते आहे, आणि माझ्या वशिंडात दुसऱ्या कुणीतरी राखून ठेवलेली वाफ आहे. दार उघडलं. दप्तर पलंगावर पडलं. अपेक्षा पडद्याजवळ वाकली, तिने माझ्या वाफेकडे बघितलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ती ओरडली, "पप्पा, तांबू गरम आहे!"