पांढरा डाग, काळा डाग

मला एकदा नीट सांगा, पांढरं वाईट की काळं? रियाधच्या हॉस्पिटलात डॉक्टर वीणाताईंना मी परत परत हेच विचारत होते. त्या साताऱ्याकडच्या, म्हणून निदान मराठीत भांडता तरी येत होतं.

आमच्या ह्यांच्या लिव्हरवर डाग सापडला होता. तो कॅन्सरचा आहे का, हे एमआरआयवरून बघायचं होतं. त्यातच हे मोबाइलच्या दुकानात कामाला, आणि तिथे आता सौदीच ठेवायचे असा नियम आलेला. महिनाअखेर ह्यांची नोकरी खलास, मग विमा खलास, इथे राहायचा परवाना, तो इकामाही खलास. डाग साधा निघाला तर गाव गाठायचं, नाहीतर ज्याच्या नावावर व्हिसा त्या कफिलाच्या हातापाया पडून इथेच उपचार करायचे. ह्यांनी तर बॅगा भरायलाही घेतल्या होत्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"मैमुनाभाभी, ऐका," वीणाताई म्हणाल्या. "पेशींची दाटी झाली की तिथलं पाणी नीट हलत नाही. पहिल्या फोटोत ती जागा पांढरी चमकते."

"म्हणजे पांढरं वाईट."

"तसंच नाही. नुसती पाण्याची गाठही कधी पांढरी दिसते. म्हणून दुसरा फोटो. त्यात पाण्याची गाठ पांढरीच राहते, दाटी असेल तर काळी दिसते."

"अगं बाई! एकात पांढरं वाईट, दुसऱ्यात काळं वाईट? तुमच्या मशीनचं डोकं फिरलंय की माझं?"

हे शेजारी बसून मोबाइल चाळत होते. एक अक्षर ऐकतील तर शपथ!

वीणाताईंनी पहिला फोटो लावला. डाग ट्यूबलाइटसारखा पांढराफेक. ह्यांचा चेहरा पडला. मग दुसरा लावला. त्याच जागी काळाकुट्ट.

"विझला!" हे ओरडले. "मैमुना, विझला गो!" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी रत्नागिरीला फोन लावलासुद्धा. "अम्मी, काय नाय झालेलं मला. येतंय मी घरी!"

मघापासून मला काही म्हणून कळत नव्हतं, आणि आता नको तेव्हा सगळं कळलं. या अल्ला, माझं चुकलेलं असू दे.

"मला नीट समजलेलं नाही ना, ताई?"

"तुकडा काढून तपासावा लागेल, भाभी," त्या हळूच म्हणाल्या. "पण लक्षण चांगलं नाही."

मी ह्यांचा हात घट्ट धरला. "अहो, फोन ठेवा. ह्या फोटोत काळं वाईट असतं."

ह्यांनी फोन कानापासून खाली घेतला. तिकडून अम्मी विचारत होती, कधीचं तिकीट काढलंस?

"मग मघाचा तो पांढरा," ह्यांनी मला विचारलं, "तो चांगला होता काय गो?"